एंजिनाचा सूर किती चढवावा?



आज ज्या विषयावर मी आपणांशीं चार शब्द बोलणार आहें, तो एका निवृत्त शाळामास्तराच्या तोंडीं शोभेल कीं नाहीं, अशी शंका कित्येकांस येईल. विषय आहे मोटारीच्या एंजिनाची शक्ति मूळच्यापेक्षां वाढविण्याचा. परंतु आमच्या पेशाचा एक लाभ असा कीं, आमचे विद्यार्थी सर्व धंद्यांत पसरलेले असतात. ज्यांना मीं त्रैराशिक शिकविलें, त्यांतील दोघे-तिघे आज गॅरेज चालवितात. त्यांच्या बांकावर बसून मीं जें पाहिलें व विचारून घेतलें, त्यांतील सार आपणांपुढें ठेवावें, एवढाच माझा हेतु आहे.

प्रश्न आज पुष्कळ सुशिक्षित घरांत उपस्थित होतो, म्हणूनच तो नभोवाणीवर आणावासा वाटला. घरांत एक बरी गाडी असते. चिरंजीव म्हणतात, "हिला स्टेज वन करून घेऊं." त्यांचे मित्र म्हणतात, "करायचें तर स्टेज टूच करावें. स्टेज वन म्हणजे दुधाची तहान ताकावर भागविणें." तीर्थरूपांना या शब्दांचा अर्थ ठाऊक नसतो, ते एकदम नाहीं म्हणून मोकळे होतात. मग चिरंजीव तेंच काम वडिलांच्या नकळत उरकून घेतात, आणि त्याच गाडींतून सर्व कुटुंब कोंकणांत जातें. अर्थ न समजतां दिलेला नकार आणि अर्थ न समजतां दिलेला होकार, हे दोन्ही सारखेच घातक आहेत. म्हणून आधीं अर्थ समजून घेऊं.

एंजिन 'ट्यून' करणें हा शब्दप्रयोग वाद्यांच्या जगांतील आहे. तंबोरा जुळवितांना आपण खुंटी पिळतों, तार ताणली जाते व सूर चढतो. तार तीच, भोपळा तोच, दांडीहि तीच. कांहीं मर्यादेपर्यंत तार ताण सहन करते. त्यापलीकडे ती तुटते, आणि तुटतांना ती पूर्वसूचना देतेच असें नाहीं. एंजिनाची गोष्ट थेट अशीच आहे.

आतां एंजिनाला शक्ति कोठून मिळते तें पाहूं. सामान्य समजूत अशी कीं, ती पेट्रोलांतून मिळते. समजूत खोटी नाहीं, पण अपुरी आहे. एक ग्रॅम पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारें १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल वाटेल तितकें ओततां येतें. हवाच कमी पडते. समजा, एंजिन १,१९७ घन सेंटिमीटरांचें आहे. चार टप्प्यांच्या एंजिनांत दर दोन फेऱ्यांना तितकी हवा एकदां आंत येते. म्हणजे मिनिटाला ४,००० फेरे झाल्यास सुमारें २,४०० लिटर हवा आंत घ्यावी लागते. ज्याला शक्ति वाढवावयाची, त्याला आधीं अधिक हवा आंत कोंबण्याची युक्ति काढली पाहिजे.

ती युक्ति जुनी आहे. एंजिनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या झोताने एक चक्र फिरवावें, व त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्रानें ताजी हवा दाबून आंत घालावी, या कल्पनेचें पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यानें १९०५ सालीं घेतलें. आपण ज्याला टर्बो म्हणतों तो हाच. १९७३ सालीं बी.एम.डब्ल्यू. कंपनीनें व त्यानंतर थोड्याच वर्षांत साब कंपनीनें टर्बो बसविलेल्या मोटारी बाजारांत आणल्या. आज लहानसहान गाड्यांतहि टर्बो असतो.

दुसरी गोष्ट नियंत्रणाची. पूर्वीं कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून व डिस्ट्रिब्यूटर किंचित् हलवून मिस्त्री एंजिन जुळवीत असे. १९७९ सालीं बॉश कंपनीची मोट्रॉनिक नांवाची रचना बी.एम.डब्ल्यू. ७३२ आय या गाडींत आली. पेट्रोल किती सोडावें व ठिणगी केव्हां टाकावी, हीं दोन्ही कामें एकाच संगणकाकडे गेलीं. त्या संगणकाच्या स्मरणांत तक्ते असतात. पाढ्यांचा तक्ता आपण जसा वाचतों, म्हणजे आडव्या ओळींत एक आंकडा, उभ्या ओळींत दुसरा, व जेथें दोन्ही मिळतात तेथें उत्तर, तसाच हा. एका बाजूस फेरे, दुसऱ्या बाजूस एंजिनावरील भार, आणि चौकोनांत ठिणगीची वेळ किंवा टर्बोचा दाब. या तक्त्यालाच 'मॅप' म्हणतात, व त्यांतील आंकडे बदलणें म्हणजे 'रीमॅप'.

येथें चाणाक्ष श्रोता विचारील, "आंकडे बदलून जर शक्ति वाढते, तर ती कंपनीनेंच कां दिली नाहीं?" हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. कंपनीनें जी शक्ति हातची राखून ठेवली, ती कृपणपणानें नव्हे. तीच गाडी राजस्थानच्या उन्हाळ्यांत ४५ अंशांत चालते. तिच्या टाकींत आडगांवच्या पंपावरील निकस पेट्रोल पडतें. तिचें तेल वेळेवर बदललें जातेंच असें नाहीं. महाबळेश्वरला, सुमारें १,३५० मीटर उंचीवर, हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षां शेंकडा पंधरा कमी असतो. तेथें तोच दाब एंजिनास पुरविण्याकरितां टर्बोला अधिक वेगानें फिरावें लागतें. या सर्व संकटांतून लाखभर किलोमीटर निभावण्यासाठीं राखलेली ती शिदोरी आहे. शिवाय एकच एंजिन कमीअधिक शक्तीच्या दोन-तीन स्वरूपांत विकण्याची व्यापारी पद्धतिहि आहे, हें खरें. पण अधिक शक्तीच्या गाडींत कित्येकदां टर्बो, थंड करण्याची व्यवस्था किंवा क्लच निराळा असतो. केवळ बाह्यरूप पाहून दोन्ही एंजिनें एकच आहेत असें मानणें सुरक्षित नव्हे.

आतां त्या तीन पायऱ्या. प्रथम एक सावधगिरी: स्टेज वन, टू, थ्री हीं नांवें कोणत्याहि सरकारी मानकांत नाहींत. एका दुकानाची दुसरी पायरी ती शेजारच्या दुकानाची दीड पायरी असूं शकते. तथापि सामान्यतः अर्थ असा. पहिल्या पायरीला गाडीचा एकहि भाग बदलत नाहींत. फक्त तक्त्यांतील आंकडे बदलतात. दुसऱ्या पायरीला आंकड्यांबरोबर हवा आंत येण्याचे व धूर बाहेर जाण्याचे मार्ग मोकळे करतात, व दाबलेली तप्त हवा निवविणारा इंटरकूलर मोठा बसवितात. तिसऱ्या पायरीला टर्बोच मोठा येतो. त्याच्या पाठोपाठ मोठे इंजेक्टर, मोठा पेट्रोलपंप, दणकट क्लच, आणि पुष्कळदां घडीव पोलादाचे कनेक्टिंग रॉड व नवे पिस्टन.

ज्या गाडींत टर्बो नाहीं, तिच्या मालकांनीं पुढील भाषण केवळ करमणुकीसाठीं ऐकावें. हवेचा दाब वाढविण्याचें साधनच नसल्यामुळें तेथें नुसत्या रीमॅपनें फारच थोडें साधतें. पाय दाबतांच गाडी अधिक तत्पर वाटते, परंतु तो पुष्कळसा पेडलच्या प्रतिसादाचा भास असतो. त्या पैशांत चार उत्तम टायर घ्यावे.

गणिताशिवाय मास्तरांचें समाधान होत नाहीं. म्हणून एक खरी गाडी घेऊं. पुण्याजवळ चाकण येथें फोक्सवॅगन कंपनीची पोलो गाडी तयार होत असे. २०२२ सालीं तिचें उत्पादन थांबलें. तिचा जी.टी. टी.एस.आय. हा प्रकार २०१३ सालीं आला. आजहि जुन्या बाजारांत त्याला मागणी आहे, व तो घेणारे तरुण रीमॅपचा विचार हटकून करतात. एंजिन १,१९७ घन सेंटिमीटरांचें, शक्ति १०५ अश्वशक्ति, आणि पीळ, ज्याला मेकॅनिक लोक टॉर्क म्हणतात, १७५ न्यूटन-मीटर. पीळ म्हणजे दांडा फिरविण्याचा जोर. पिळाला फेऱ्यांच्या वेगानें गुणलें कीं शक्ति निघते. गाडीला सात गतींचा, कोरड्या दुहेरी क्लचचा, आपोआप चालणारा गिअरबॉक्स आहे. त्या जातीच्या गिअरबॉक्सची रचना जास्तींत जास्त २५० न्यूटन-मीटर पिळासाठीं केलेली आहे. हा २५० चा आंकडा कागदावर ठळक लिहून ठेवावा. सगळी गोम त्यांत आहे.

टर्बो असलेल्या पेट्रोल गाडीला पहिल्या पायरीवर शेंकडा पंचवीस-तीस वाढ मिळूं शकते. शेंकडा तीस धरूं. १०५ चे सुमारें १३६ झाले, व १७५ चे सुमारें २२८. म्हणजे गिअरबॉक्सच्या मर्यादेंतून २२ उरले. मूळ गाडींत ही शिल्लक ७५ होती. ती संपली नाहीं; पण तिसऱ्या हिश्श्याहूनहि खालीं आली. आतां दुसऱ्या पायरीवर शेंकडा चाळीस वाढ धरली, तर पीळ होतो २४५, व शिल्लक उरते पांच. तिसऱ्या पायरीचा हिशेब करण्याचेंच कारण नाहीं. तेथें गिअरबॉक्स आधीं बदलावा लागेल. एंजिनाला काय झेपेल हें विचारणारे पुष्कळ भेटतात. परंतु सांखळी तिच्या सर्वांत दुबळ्या कडीइतकीच बळकट असते, आणि ती कडी एंजिनांत नसून भलतीकडेच असण्याचा संभव असतो. ज्याला पायरी निवडावयाची, त्यानें आपल्या गाडीच्या गिअरबॉक्सची व क्लचची मर्यादा आधीं विचारावी, अश्वशक्ति मागाहून.

माझ्या परिचयाच्या एका कुटुंबाची हकीगत येथें सांगण्यासारखी आहे. त्यांच्या डिझेल गाडीचा पीळ वाढविलेला होता. क्लच मूळचा व लाखाच्या घरांत चाललेला. शहरांत कांहीं जाणवलें नाहीं. गाडी चिपळूणहून कुंभार्ली घाट चढूं लागली, आंत पांच माणसें व सामान, आणि निम्म्या घाटांत क्लच स्लिप होऊं लागला. एंजिन गुरगुरतें, फेऱ्यांचा कांटा वर जातो, पण गाडी पुढें सरकत नाहीं. मागें मालमोटारींची रांग, एका अंगास दरी, व मागच्या बांकावर सत्तरीच्या आजीबाई. दैवयोगानें रस्त्याची कड रुंद होती म्हणून निभावलें. त्या दिवशीं एंजिनांत कांहींच बिघाड नव्हता, हें ध्यानांत घ्यावें. वाढलेला जोर जुन्या क्लचला पेलला नाहीं, इतकेंच.

आतां इंधनाविषयीं. हवा अधिक दाबली कीं सिलिंडरांतील उष्णता वाढते. ठिणगीनें पेटविलेली ज्योत टोकापर्यंत पोहोंचण्यापूर्वींच उरलेलें मिश्रण आपल्या आपण भडकतें, व पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा ठोका बसतो. यालाच नॉकिंग म्हणतात. इंग्लंडमध्यें हॅरी रिकार्डो यानें या ठोक्याचा सखोल अभ्यास केला. पेट्रोलची ठोका टाळण्याची शक्ति मोजणारा ऑक्टेन आंकडा अशा संशोधनांतून पुढें आला. आधुनिक गाडींत ठोका ऐकणारा एक सेन्सर असतो. ठोका ऐकूं आला कीं संगणक ठिणगी किंचित् उशिरा टाकतो. गाडी वांचते, पण शक्ति तितकी घटते. त्यामुळें ज्या ऑक्टेनच्या पेट्रोलसाठीं मॅप लिहिला, तेंच पेट्रोल नेहमीं मिळणार नसेल, तर पैसे देऊन विकत घेतलेली शक्ति वाटेंतच गळून जाते. मॅप लिहिणारास "कोणत्या पेट्रोलसाठीं?" असें विचारावें. त्याचें उत्तर मोघम आल्यास तेथून उठावें.

आपल्या देशांत आणखी एक बदल झाला आहे. पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळण्याचें प्रमाण २०२५ सालीं शेंकडा वीसपर्यंत पोहोंचलें. इथेनॉल ठोका टाळण्यास चांगलें. पण तें जळण्यास त्याच्या वजनाच्या नऊपटच हवा पुरते. म्हणजे तितक्याच हवेला इंधन अधिक सोडावें लागतें. मूळचे इंजेक्टर व पेट्रोलपंप जर वाढीव मॅपनें आधींच टेकीस आलेले असले, तर हा वाढीव वांटा ते कोठून देणार? म्हणून दहा वर्षांपूर्वीं परदेशांत लिहिलेला मॅप जसाच्या तसा येथील गाडींत उतरविणें शहाणपणाचें नाहीं.

आणखी एक धोका लहान टर्बो एंजिनांना विशेष आहे. फेरे कमी असतांना, वरच्या गिअरमध्यें, पाय एकदम तळापर्यंत दाबला, तर कधींकधीं ठिणगी पडण्यापूर्वींच मिश्रण पेटतें. हा नेहमींचा ठोका नव्हे. याचा एखादाच तडाखा पिस्टन फोडूं शकतो. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटनें २०२० सालीं एस.पी. ही तेलाची जी प्रत ठरविली, तिच्या चांचण्यांत या दोषाचा विचार केलेला आहे. चांगला ट्यूनर कमी फेऱ्यांवरील पीळ मुद्दाम आंवरून धरतो. दिखाऊ ट्यूनर तेथेंच तो भरमसाट वाढवितो, कारण पहिल्याच फेरफटक्यांत गिऱ्हाईक पाठीला बसलेल्या धक्क्यानें खूष होतें. धक्का किती जोराचा बसला, यावरून ट्यूनरची परीक्षा करूं नये.

दुसऱ्या पायरीकडे वळूं. तिच्यांतील मोठा इंटरकूलर ही सर्वांत प्रामाणिक सुधारणा होय. हवा थंड असली कीं ती दाट असते व ठोकाहि टळतो. आपल्या उष्ण देशांत तर तिचें महत्त्व अधिकच. परंतु या पायरीचा दुसरा भाग म्हणजे डाऊनपाइप. टर्बोच्या मागें कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. मधाच्या पोळ्यासारखीं त्याचीं छिद्रें. त्यांवर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम यांसारख्या मौल्यवान् धातूंचा लेप. आणि काम एकच, कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलें इंधन व नायट्रोजनचीं ऑक्साइडें यांना निरुपद्रवी करणें. धूर मोकळा जावा म्हणून कित्येक दुकानदार हा कन्व्हर्टर सरळ काढून टाकतात, व धोक्याचा दिवा लागूं नये म्हणून संगणकालाहि तसें पढवितात. एखाद्यानें नाडी पाहणाऱ्या वैद्याचेंच तोंड बांधावें, तशांतला हा प्रकार! १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशांत भारत स्टेज सहा हे कडक नियम लागू झाले, ते याच धुरासाठीं. आपल्या गाडीचा धूर आपल्याच सोसायटीच्या आवारांत, शाळेच्या बससाठीं उभ्या असलेल्या मुलांच्या नाकांत जातो. दहा अश्वशक्तींसाठीं ही किंमत कोणी व कां द्यावी?

डिझेल गाडींत हीच गोष्ट धुराच्या फिल्टरची. अधिक डिझेल सोडून पीळ वाढविणें तेथें सोपें. पण हवेच्या मानानें डिझेल अधिक झालें कीं काजळी वाढते, फिल्टर तुंबतो, आणि मग तोच काढून टाकण्याचा सल्ला मिळतो. काळा धूर म्हणजे शक्तीचें लक्षण नव्हे. न जळतां वायां गेलेल्या पैशाचें तें लक्षण आहे.

तिसऱ्या पायरीविषयीं थोडक्यांत सांगतों. मोठा टर्बो फिरूं लागण्यास उशीर लावतो. गर्दींत, जेथें गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्यें रेंगाळते, तेथें ती पूर्वीपेक्षां मंद वाटते. आणि वेग येतो तो एकदम. खर्च पुष्कळदां गाडीच्या जुन्या बाजारांतील किंमतीच्या घरांत जातो, व विकतांना त्यांतील फारसा परत मिळत नाहीं. शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर, जाणत्या हातांत, ही पायरी शोभते. ज्या गाडींतून आईला डॉक्टरांकडे न्यावयाचें, तिला ती शोभत नाहीं.

शक्तीबरोबर काय वाढवावें, याचा उत्तम धडा इतिहासांत आहे. १९६१ सालीं इंग्लंडमध्यें जॉन कूपर यांच्या सहकार्यानें मिनी कूपर ही गाडी निघाली. मूळच्या मिनीचें ८४८ घन सेंटिमीटरांचें, ३४ अश्वशक्तींचें एंजिन; त्याचें ९९७ घन सेंटिमीटरांचें, ५५ अश्वशक्तींचें केलें. परंतु तेवढ्यावर न थांबतां पुढील चाकांना डिस्क ब्रेक बसविले, जे मूळच्या मिनीला नव्हते. तिचीच पुढील आवृत्ति माँटे कार्लोची शर्यत १९६४, १९६५ व १९६७ सालीं जिंकली. पळण्याआधीं थांबण्याची सोय, हा त्या कारागिरांचा क्रम होता. आमच्याकडे तो क्रम नेमका उलटा! गाडीच्या अंगची गतिजन्य ऊर्जा वेगाच्या वर्गानें वाढते. ताशीं १०० किलोमीटरांवरून १४० वर गेलों, तर वेग दीडपटहि झाला नाहीं, पण ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा जवळजवळ दुप्पट झाली. आणि मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर सपाट भागांत मोटारींना मर्यादा आहे ती ताशीं १०० ची. घाटांत तर त्याहून पुष्कळ कमी. मग हा १४० चा उद्योग करावयाचा कोठें?

कायद्याचेंहि भान ठेवावें लागतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम असें सांगतें कीं, नोंदणीपत्रांतील तपशील कंपनीनें मूळ दिलेल्या तपशीलाशीं विसंगत होईल, असा बदल मालकानें गाडींत करूं नये. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें या कलमाचा अर्थ कडकपणें लावला. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें अनधिकृत बदलाबद्दल मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलास पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली. जर्मनींत बदल केलेली गाडी तज्ज्ञांकडून तपासून घेऊन तो बदल कागदोपत्रीं नोंदवितां येतो. आपल्याकडे खासगी मालकाला एंजिनाच्या शक्तीविषयीं अशी सुलभ वाट नाहीं. विम्याचेंहि तसेंच. विमा कंपनीस न कळवितां केलेला बदल अपघातानंतर उघड झाला, तर भरपाईचा दावा अडकूं शकतो. कंपनीची हमी चालू असेल, तर सेवाकेंद्रांतील यंत्र बदललेला मॅप ओळखण्याचा संभव असतो, व मग हमी नाकारली जाते. "पुन्हां मूळचा मॅप घालून देऊं, कोणास कळणार नाहीं," असें जो दुकानदार म्हणतो, तो आपल्यासमक्ष दुसऱ्यास फसविण्याचें आश्वासन देत आहे. तो आपणांस फसविणार नाहीं, हें कशावरून?

इतकें ऐकून कोणी म्हणेल, "मास्तर, सरळ नको म्हणा कीं!" तसें मी म्हणत नाहीं. तारुण्यांत यंत्राचें वेड असणें हें चांगलें लक्षण आहे. ज्या मुलानें ठोका म्हणजे काय, पीळ म्हणजे काय, हें समजून घेतलें, तो विज्ञानाच्या दारांत उभा आहे. त्याला दरडावून मागें ओढूं नये. परंतु निवड करावयाची ती क्रमानें करावी.

पहिल्यानें मूळची गाडी मूळच्या प्रकृतीवर आणावी. प्लग, तेल, हवेचा फिल्टर, ब्रेक, टायर हें सर्व नीट करावें, व सिलिंडरांतील दाब मोजून घ्यावा. पुष्कळांचें समाधान येथेंच होतें, कारण गाडी मंद झाली होती ती शक्ति कमी म्हणून नव्हे, निगा कमी म्हणून. दुसऱ्यानें, गाडी कोठें चालते तें प्रामाणिकपणें लिहून काढावें. वर्षाच्या ३६५ दिवसांतील किती दिवस वाढीव शक्ति लागली असती? तिसऱ्यानें, क्लच व गिअरबॉक्स यांची मर्यादा विचारून, वर केला तसा शिलकीचा हिशेब मांडावा. चवथ्यानें, कायदा, हमी व विमा यांचा निकाल आधीं लावावा, मागाहून नव्हे. एवढें करूनहि मन पहिल्या पायरीवरच अडकलें असेल, तर असा ट्यूनर शोधावा जो गाडी डायनोवर चढवून बदलापूर्वींचे व नंतरचे आंकडे एकाच दिवशीं दाखवितो. ठिणगी किती वेळां मागें घ्यावी लागली, हवा किती तापली, दाब मागितला किती व मिळाला किती, याची नोंद हातीं देतो. आणि आपण अधिक मागत असतांहि "एवढें पुरे" असें म्हणण्याचें धैर्य ज्याच्या अंगीं आहे.

दुसरी पायरी कन्व्हर्टर शाबूत ठेवून होत नसेल, तर ती सार्वजनिक रस्त्यावरील गाडीसाठीं नाहींच, असें समजावें. तिसरी पायरी शर्यतीच्या मैदानासाठीं आहे. ज्याला तिचा ध्यास असेल, त्यानें त्यासाठीं निराळी गाडी ठेवावी व ती मैदानावर वाहून न्यावी.

आणि वडीलमंडळींना एकच विनंति. मुलगा हा विषय काढील तेव्हां वर्तमानपत्र बाजूस ठेवावें, कागद-पेन्सिल घ्यावी, व त्याला शेजारीं बसवून विचारावें, "गिअरबॉक्सची मर्यादा किती? शिल्लक किती उरते?" त्याला उत्तर ठाऊक असेल, तर आपणांस नवी माहिती मिळेल. ठाऊक नसेल, तर तो तें शोधावयास जाईल, आणि परत येईपर्यंत त्याच्या निम्म्या प्रश्नांचीं उत्तरें त्याचीं त्यालाच सांपडलेलीं असतील. निर्णय कोणताहि होवो, तो घरांत सर्वांसमक्ष, हिशेब मांडून झालेला असावा, म्हणजे घाट चढतांना गाडींत बसलेल्या प्रत्येकास आपण कशांत बसलों आहों हें ठाऊक असेल.